मेलिता सुईण

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. येशू ख्रिस्ताला मानणारी माणसं तेव्हा जगात मूठभर होती, आणि तीही लपूनछपून प्रार्थना करत होती.

त्या काळी समुद्रकाठच्या एका शहरात मेलिता नावाची सुईण राहत होती. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा कधीच वारलेला, स्वतःचं मूलबाळ नाही. पण शहरातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. बोलायला ती फटकळ होती. बाळंतीण रडायला लागली की म्हणायची, "रड, पण कळ आली की जोर लाव." आणि बाळ झालं की तीच आधी डोळे पुसायची.

मेलिता ख्रिस्ती होती. तिच्या घरामागच्या खोलीत वीस-बावीस भाविक जमत, भाकर मोडत, प्रार्थना करत.

एके वर्षी राजाने हुकूम काढला. प्रत्येकाने चौकातल्या त्याच्या पुतळ्यापुढे धूप घालून त्याला देव म्हणावं. जो म्हणणार नाही, तो राजद्रोही. सगळं शहर रांगेत उभं राहिलं. मेलिता गेली नाही.

तिला सुभेदारापुढे उभं केलं.

"तू एकटी नाहीस, हे मला ठाऊक आहे," सुभेदार म्हणाला. "तुझ्या घरी कोण कोण येतं, तेवढं सांग आणि घरी जा."

मेलिता म्हणाली, "सरकार, तीस वर्षं मी या शहरात घराघरांत शिरते. कुणाच्या घरात काय पाहिलं, ते दुसऱ्या घरात कधी बोलले नाही. आता या वयात ती सवय कशी मोडू?"

"तीन दिवस देतो. नाही बोललीस तर मान जाईल."

तिला तुरुंगात टाकलं. तिथला पहारेकरी रूफस. त्याच्या चारही मुलींचा जन्म मेलिताच्या हातांवर झाला होता. तिच्या पायात साखळी घालताना त्याला मान वर करता येईना.

"मावशी, माझा इलाज नाही," तो म्हणाला. "कैदी पळाला, तर त्याच्या जागी पहारेकऱ्याचं डोकं जातं."

"मला माहीत आहे, बाबा. नीट घाल साखळी. धाकटीचा खोकला थांबला का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगाच्या दारात एक पालखी थांबली. आतून सुभेदाराची बायको उतरली. केस विस्कटलेले, पाय अनवाणी.

"माझी मुलगी दोन दिवसांपासून अडली आहे," ती मेलिताला म्हणाली. "वैद्यांनी हात टेकले. ज्या घराने तुला इथे टाकलं, त्याच घरी बोलवायला आले आहे. मला तोंड नाही, पण चल."

मेलिता उठून उभी राहिली. "बोलण्यात वेळ जातोय, बाईसाहेब. तेल गरम करायला सांगा."

रूफसने साखळी काढली आणि तिला वाड्यावर नेलं. तो पुढच्या दारात थांबला, ती आत गेली. बाळ आडवं होतं. मेलिताने पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि हळूहळू, घाई न करता, बाळाला फिरवत आणलं. दुपारपर्यंत ती घामाने निथळली. शेवटी एक निळसर पोर बाहेर आली. मेलिताने तिला उलटं धरून पाठीवर दोन चापट्या मारल्या, आणि पोर असं काही रडली की अंगणातल्या दासी हसायला लागल्या.

सुभेदाराच्या बायकोने मेलिताचा हात धरून तिला मागच्या दाराशी नेलं. दारामागे बाग होती, बागेच्या टोकाला समुद्र आणि एक होडी.

"जा," ती म्हणाली. "होडीवाला माझा माणूस आहे. संध्याकाळपर्यंत तू दुसऱ्या राज्यात असशील."

मेलिताने समुद्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिलाही जगायचं होतं. तिने चौकटीला हात टेकला.

"पुढच्या दारात रूफस उभा आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मी गेले तर त्याचं काय होईल?"

सुभेदाराच्या बायकोने पुन्हा होडीकडे बोट दाखवलं.

"चार मुली आहेत त्याला," मेलिता म्हणाली. मग तिने हात धुतले, पदराला पुसले आणि ती पुढच्या दाराने बाहेर आली. रूफसपुढे पाऊल पुढे करून म्हणाली, "घाल." तो लहान मुलासारखा रडायला लागला.

सुभेदाराला सगळं कळलं. तोही दगड नव्हता. त्याने तिला बोलावून म्हटलं, "नावं राहू देत. चिमूटभर धूप घाल. मी तोंड फिरवून उभा राहतो."

"सरकार, राजाला चांगलं आयुष्य मिळो अशी प्रार्थना मी रोज करते. पण त्याला देव म्हणणार नाही. देव एकच आहे."

राजाच्या भीतीपुढे सुभेदाराचं काही चालेना. सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर मेलिताचा शिरच्छेद झाला. गुडघे टेकण्याआधी ती सुभेदाराकडे वळून म्हणाली, "मुलीला सात दिवस अंथरुणातून उठू देऊ नका." तेच तिचे शेवटचे शब्द.

तिला कुणी पुरू नये, असा हुकूम होता. रूफसने रात्री गुपचूप तिला उचललं आणि टेकडीवर जैतुनाच्या झाडाखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी लोक तिथे जमू लागले, तसे त्यांना हाकलायला शिपाई आले. आठ दिवस टेकडीवर चिटपाखरू फिरकलं नाही. नवव्या दिवशी सुभेदाराची बायको आली, मागे तिची मुलगी, मुलीच्या कडेवर तान्ही पोर. शिपायांनी भाले खाली केले. त्या दिवसापासून टेकडीवरची वाट मोडली नाही.

रूफसने पहारेकऱ्याची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतला. ती मागच्या दाराने का गेली नाही, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "माझ्या मुलींना विचारा. आज त्यांना बाप आहे."

पुढे राजा गेला, त्याचा पुतळा गेला, त्याचं नावही कुणाला आठवेना. टेकडीवर मात्र मेलिताच्या नावाचं देऊळ उभं राहिलं, आणि त्या मूठभरांची संख्या हजारांवर गेली. रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या, संत मेलिताच्या सणाला दूरदूरच्या गरोदर बायका तिथे येतात; काही ख्रिस्ती, काही नाही. कुणी कुणाला विचारत नाही.

तात्पर्य: स्वतःचा जीव वाचवण्यासाठी जो दुसऱ्याचा जीव पुढे करत नाही, त्याला मरणही लोकांच्या मनातून काढू शकत नाही.