इनामदारांची चिमूटभर साखर

“वखार देतो की! फुकट देतो!” बापूसाहेब इनामदार झोपाळ्यावरून म्हणाले. “फक्त रविवारपर्यंत माझ्या घरातली एक वस्तू तुमच्या संग्रहालयाला मिळवून दाखवा. मागायची नाही, विकत घ्यायची नाही, चोरायची तर नाहीच! आमच्या घरच्या माणसानं आपल्या हातानं दिली पाहिजे.”

आणि मिशीतल्या मिशीत हसले. बापूसाहेबांच्या दारातून करवंटीसुद्धा बाहेर जात नाही, हे आख्ख्या खडकवेळ्याला माहीत!

गावातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय करायचं, ही टूम आम्हा चार हौशी बायकांची. घरोघर फिरून आम्ही जाती, कंदील, मोटेचं चाक, एक आख्खा नांगर गोळा केला. हे ठेवायचं कुठं, हा प्रश्न त्यानंतर सुचला. तोवर सगळं माझ्या घरात! नवरा रोज नांगराला अडखळायचा. सासूबाईंनी तर बजावलंच होतं, “सोमवारी भंगारवाला येतोय. एक तर हा पसारा जाईल, नाहीतर मी जाईन!” सासूबाई जाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि गावात रिकामी जागा एकच, बापूसाहेबांची कापसाची वखार. तिथं पारव्यांशिवाय कुणी राहत नव्हतं.

पहिला डाव मी टाकला. बापूसाहेबांच्या ओसरीवर जाऊन त्यांच्या पितळी समईचं अर्धा तास कौतुक केलं. “काय ती घडण! काय तो मोर!”

“हो, छानच आहे,” बापूसाहेब म्हणाले आणि मला चहा पाजला. बिनसाखरेचा. डॉक्टरांनी साखर त्यांची बंद केली होती, माझी नव्हे!

माझी फजिती ऐकून सगुणा पोट धरून हसली. सगुणा म्हणजे ढोबळ्यांची थोरली. दूध डेअरीत मापावर बसते. आम्हा चौघींत वयानं सगळ्यात लहान आणि तोंडानं सगळ्यात मोठी.

“काकू, तुम्ही घ्यायला गेलात, तिथंच चुकलं. आपण देऊन येऊ!”

जमवलेल्या वस्तूंतलाच एक पितळी डबा तिनं चिंच लावून घासला. माझ्याकडून भोपळ्याचे घारगे तळून घेतले, डबा भरला आणि बापूसाहेबांच्या पत्नीला, माईसाहेबांना नेऊन दिला. “केले होते, म्हटलं तुम्हाला द्यावेत.” एवढंच बोलून परत!

“अगं, घारगे तर गेलेच, आता डबाही गेला!” मी करवादले.

“डबा येतोय, काकू. बघत राहा.”

शनिवारी देवळात जाता जाता माईसाहेब स्वतः डबा देऊन गेल्या. उघडला, तर तळाशी चिमूटभर साखर. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माईसाहेबांनी ती पाळली होती, पण इनामदारांच्या बेतानं!

मी वैतागून ती साखर चहात टाकणार, तोच सगुणानं माझा हात धरला. “काकू! संग्रहालय पिऊन टाकताय!”

रविवारी वखारीपुढं सगळं गाव जमलं.

“काय, मिळाली का वस्तू?” बापूसाहेबांनी विचारलं.

सगुणानं डबा उघडला. “ही बघा. तुमच्या घरातली साखर.”

“साखर? मागून आणली असणार!”

“कुणी मागितली नाही. मी माझ्या हातानं घातली,” मागून माईसाहेब कडाडल्या. “शेजारचा डबा काय रिकामा पाठवू? लोक काय म्हणतील!”

“मग विकत घेतली! घारगे दिलेत, साखर घेतलीत. सौदाच की हा!”

“बरं, सौदा तर सौदा.” सगुणा गावाकडं वळली. “ऐका हो मंडळी! डबाभर घारग्यांना चिमूटभर साखर, असा सौदा बापूसाहेबांनी...”

“छे छे! सौदा कसला? भेट आहे ती, भेट!” बापूसाहेब घाईनं म्हणाले. “पण साखर ही काय संग्रहालयात ठेवायची वस्तू झाली?”

“का नाही? दारातच काचेच्या पेटीत ठेवू. वर पाटी लावू, ‘इनामदारांच्या घरातून गावाला आजवर मिळालेलं सगळं.’ लांबून लांबून लोक येतील बघायला!”

गावात एकच हशा! बापूसाहेबांचे कान लाल झाले.

“पोरी, ती साखर परत दे बघू मुकाट्यानं!”

“मागताय, बापूसाहेब?” सगुणानं डबा पाठीमागं लपवला. “मागायचं नाही, असं तुम्हीच ठरवलंत ना?”

मग बापूसाहेबांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे गडगडून हसले, की वखारीतले पारवे भुर्रकन उडाले! कनवटीची किल्ली काढून त्यांनी सगुणाच्या हातावर ठेवली. “घे! वखारही तुमची आणि किल्ली तुझ्याकडंच राहू दे. आणि काकू, तुमची ती मोराची समई पण न्या. पण पाटीवर समई लिहायची हं, साखर नाही!”

“समईच लिहू,” सगुणा म्हणाली. “पाटी मोठी करून घेतलीय, बापूसाहेब. खाली अजून काय लिहू, ते सांगा!”

बापूसाहेबांनी डोळे पुसले आणि हसत हसतच गड्याला हाक मारली, “अरे, माळ्यावरची ती पालखी काढ रे खाली!”