दुपारी तुटणारे धागे

सोलापूरच्या नरसय्या गड्डम यांच्या कारखान्यात नवे माग आले. विणलेलं कापड आपोआप रुळावर गुंडाळलं जाई. सकाळी सगळं सुरळीत चाले, दुपारी मात्र धागे तटातट तुटत.

"दुपारच्या पाळीचे विणकर बेपर्वा आहेत. उद्यापासून सगळे घरी!" मालक गरजले.

माग बसवायला आलेली इंजिनिअर शैलजा येमूल कुतूहलानं रूळ न्याहाळत होती. सकाळी मनगटाएवढा असलेला रूळ कापड चढून दुपारी मांडीएवढा होई, तरी फिरे मात्र त्याच वेगानं.

"मालक, कापडाचं टोक धरा आणि एकाच चालीनं सोडत राहा," ती म्हणाली.

तिनं रिकामा रूळ फिरवला. मालकांनी आरामात कापड सोडलं. मग तिनं त्याच वेगानं भरलेला रूळ फिरवला, तसा जोराचा हिसका बसला आणि मालक पुढे फरफटले.

"अहो, हा जाडा रूळ एका फेऱ्यात केवढं कापड ओढतोय!"

"रुळाला कशाला बोल लावता? तुम्हीच बेपर्वाईनं धरलंत," शैलजा शांतपणे म्हणाली. "उद्यापासून तुम्हीही घरी!"

आपलेच शब्द ऐकून मालकांना हसू आवरेना.

"जातो बाई, पण आधी रूळ जाड होईल तसा त्याचा वेग कमी होईल असं काहीतरी करा!"