कालिंदीचा अनंत

मुलांनो, पाणी घालून घालून मारलेले झाड तुम्ही कधी पाहिले आहे का? कालिंदीच्या हातून तसे होता होता राहिले, त्याची ही गोष्ट.

कालिंदीचे माहेर कोकणात होते आणि सासर घाटावर, काळ्या मातीच्या एका गावात. लग्नानंतर ती निघाली तेव्हा आईने तिच्या हातात अनंताचे रोप दिले. मागील दारच्या अनंताची फांदी आईने स्वतः रुजवली होती. मुळांना तांबड्या मातीचा गोळा होता, त्यावर ओले किंतान गुंडाळले होते.

"बाय, सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी घाल. चुकवू नकोस हो," आई म्हणाली.

पहिले वर्षभर रोप एका फुटक्या माठात राहिले. माठाला खाली भोके होती, जास्तीचे पाणी निघून जाई. रोपाने छान बाळसे धरले. मग माहेराहून एकामागून एक बातम्या आल्या. आई गेली. भावाने घर विकले. नव्या मालकाने मागील दारचा अनंत तोडून तिथे गाडी लावायला जागा केली.

आता आईच्या हातचे झाड जगात एवढेच उरले होते. ते कायमचे रुजावे म्हणून कालिंदीने माठातून काढून अंगणातल्या जमिनीत लावले. दोन वेळचे पाणी तिने एकदाही चुकवले नाही. ताप आला तरी भिंतीला धरून ती अंगणात जाई आणि कळशी रिकामी करी.

चैत्रात झाडाला पाच कळ्या आल्या. कालिंदी रोज त्या मोजू लागली. आई अंबाड्यात अनंताचे एकच फूल खोवायची आणि दुपारी ती कलंडली की तिच्या उशीलाही तो वास लागायचा. त्या उशीवर डोके ठेवून कालिंदी लहानपणी झोपत असे. एक फूल उमलले, की आई परसातून हात पुसत आत येईल असे तिला उगीचच वाटे. येणार नाही हे ठाऊक होते, तरी वाटे.

पण पाने पिवळी पडू लागली. दुपारी वरची माती वाळून तडकलेली दिसे. तहानले असेल बिचारे, असे म्हणून कालिंदी तिसरी कळशी ओती.

शेजारच्या भागीरथीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, झाड आहे की म्हैस? किती न्हाऊ घालशील?"

"आमच्याकडे असंच घालतात, काकू."

"मग तुमच्याकडची झाडं पोहत असतील!"

कालिंदी हसली, पण रात्री तिला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चार पाने गळली.

तिचे सासरे सखोबा यांचा जन्म शेतात गेला होता. ते फारसे बोलत नसत. झाड सुनेच्या माहेरचे, आपण त्यात कशाला पडा, म्हणून ते इतके दिवस गप्प राहिले होते. त्या संध्याकाळी मात्र कळशी घेऊन निघालेल्या कालिंदीला त्यांनी थांबवले आणि तिच्या हातात खुरपे दिले.

"सूनबाई, आधी बुंध्याजवळ वीतभर खणून बघ."

कालिंदीने खणले. वरचा थर खडखडीत होता. बोटभर खाली माती लोण्यासारखी ओली निघाली आणि कुजकट वास आला.

"पण मामंजी, आईनंच सांगितलं होतं..."

"तिनं खोटं नाही सांगितलं. तिनं तिच्या मातीचं सांगितलं. तुमच्या तांबड्या मातीतून पाणी लगेच खाली जातं. आमची काळी माती पाणी धरून बसते. वरून तडकते, आतून चिंब असते. मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही."

"मी पाणी थांबवलं, तर तिचा शब्द मोडल्यासारखं होईल हो."

सखोबांनी खड्ड्यातली ओली माती उचलून बोटांनी चोळली. मग म्हणाले, "तुझी आई आज इथं असती, तर तिनं आधी ही माती हातात घेतली असती."

कालिंदीने डोळ्यांना पदर लावला आणि कळशी खाली ठेवली.

ऊन उतरल्यावर दोघांनी झाड हलक्या हाताने खणून काढले. अर्धी मुळे काळी, लिबलिबीत झाली होती. ती सखोबांनी धुतलेल्या कात्रीने कापली, पांढरी मुळे राखली. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घातले. मातीत नदीची वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि जुने शेणखत मिसळले. वीतभर उंच वाफा करून त्यावर झाड लावले. उन्हाच्या बाजूने पोत्याचा आडोसा केला आणि एकदाच बेताचे पाणी दिले.

"आता रोज दोन पेरं बोट आत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी," सखोबा म्हणाले. मग त्यांनी कात्री तिच्यापुढे धरली. "आणि या कळ्या काढ."

कालिंदी दचकली. "कळ्या राहू द्या ना, मामंजी! मी वर्षभर वाट पाहिलीय. एक तरी फूल..."

"मुळं अर्धीच उरलीत. ती फुलं पोसतील की झाड जगवतील? मी नाही तोडणार. झाड तुझ्या माहेरचं आहे. तूच ठरव." एवढे बोलून ते आत गेले.

कालिंदी झाडापाशी बसून राहिली. चार कळ्या घट्ट हिरव्या होत्या. पाचवीचे टोक जरासे पांढरे दिसत होते. दोन दिवसांत ती उमलली असती. कालिंदीने ती नाकाशी नेली. अजून वास नव्हता. एवढ्याशा फुलासाठी झाड गेले, तर मग तो वास पुन्हा कधीच येणार नाही, हे तिला कळत होते. तरी हात उचलेना.

दिवेलागणीची वेळ झाली. आतून सासूबाईंनी हाक मारली. तेव्हा कालिंदीने आधी पाचवी कळी कापली आणि मग उरलेल्या चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून अंगणात आली, मातीत दोन पेरे बोट घातले, ओल लागली, आणि ती पाणी न घालता घरात परतली.

तात्पर्य: पाणी घालावे ते झाडाची तहान पाहून, आपल्या मनाची ओढ पाहून घालू नये, आणि माया खरी असेल, तर कधी हात आवरायलाही शिकावे.