सनदेतला ‘आम्ही’

डोंगररांगांच्या पलीकडे केळंब नावाचा एक चिमुकला देश होता. नुकताच तो बादशहाच्या अमलातून सुटला होता. लढाईत सगळ्यांच्या पुढे होता येसबा. तलवारीला तेज आणि लिहिण्यावाचण्यातही हुशार. लोकांनी त्यालाच मुख्य नेमलं आणि म्हणाले, “येसबादादा, देश कसा चालवायचा त्याची सनद लिहा. सगळ्यांना पटली की आम्ही अंगठे उठवतो.”

येसबा लिहायला बसला. पण बिचाऱ्याने उभ्या जन्मात कायदा म्हणून पाहिलं होतं ते फक्त बादशहाचं फर्मान. लेखणीतून तेच उतरलं. ‘आम्ही आज्ञा करतो की...’ अशी सुरुवात, आणि पुढे पानोपानी आम्हीच आम्ही. आम्ही कर बसवू, आम्ही न्याय करू. शेवटचं कलम होतं, ‘आम्ही म्हणू तोवर गादी येसबाकडे राहील.’ त्याच्या मनात खोट नव्हती. कानाला ते भारदस्त वाटलं, एवढंच.

ठरल्या दिवशी देवीच्या माळावर सगळा देश जमला. येसबाने खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. पहिलं वाक्य कानावर पडताच लोकांचे हात फर्मान ऐकायच्या जुन्या सवयीने जोडले गेले, माना खाली गेल्या. येसबाला वाटलं, सनद आवडली! पण वाचून संपलं तरी अंगठा उठवायला कोणी पुढे येईना. खालच्या खोऱ्यातले लोक तर उठून गाड्यांना बैल जुंपू लागले. ते गेले की देशाचे दोन तुकडे होणार होते, आणि बादशहा त्याचीच वाट बघत बसला होता.

येसबाचा पारा चढला. “अरे, निघालात कुठे? काय चुकलं ते तरी सांगा!”

लढाईत त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेली गोजराबाई उठली. ती कोणाची भीडभाड ठेवणारी नव्हती. “दादा, तुमच्या ह्या ‘आम्ही’त मी बसते का न्हाई?”

“बसतेस की! सगळेच बसतात.”

“मग ‘आपण’ म्हना. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा भाईर ऱ्हातो.”

“एका शब्दाचा केवढा कीस काढता!” येसबा पुटपुटला आणि त्याने लेखणी उचलली. ‘आम्ही’ खोडून ‘आपण’ लिहिलं. झालं, ‘आपण आज्ञा करतो की...’ आता सगळेच आज्ञा करणार, तर ती झेलणार कोण? त्याने आज्ञाही खोडली आणि लिहिलं, ‘आपण ठरवतो की...’ असं करत करत तो शेवटच्या कलमाशी आला. आता ते होणार होतं, ‘आपण म्हणू तोवर गादी येसबाकडे राहील.’

तिथे तो थांबला. जन्मभराची गादी एका शब्दासरशी माळावरच्या प्रत्येकाच्या हातात जात होती. उद्या ही गोजराबाईसुद्धा त्याला ‘उठा’ म्हणू शकणार होती.

शेजारी बसलेला त्याचा मेहुणा रायाजी कानाशी लागला. “एवढं एक राहू द्या तसंच. कोण बघतंय?”

येसबाला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. मग त्याची नजर जुंपलेल्या गाड्यांकडे गेली. ज्या ‘आम्ही’ला हाकलायला आपली माणसं मेली, त्यालाच मी पुन्हा गादीवर बसवतोय, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तोही ‘आम्ही’ खोडून ‘आपण’ लिहिलं.

सनद पुन्हा वाचली गेली. या खेपेला एकही मान खाली गेली नाही. उलट तिसऱ्याच वाक्याला कोणीतरी ओरडलं, “कर किती, ते आधी ठरवू!” दुसरा म्हणाला, “आणि पाटाचं पानी आधी कुणाला?” जो तो तावातावाने बोलू लागला. येसबा त्यांना शांत करायला उठला. तेवढ्यात त्याने पाहिलं, खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी बैल सोडले होते आणि ते बाह्या सरसावत थेट पुढच्या रांगेत येऊन बसत होते. भांडायला बसले, म्हणजे राहिले! येसबाचे डोळे भरून आले आणि भर गोंगाटात तो खदखदून हसला.

तात्पर्य: कायदा लिहिणारा आणि पाळणारा एकाच ‘आपण’मध्ये बसतात, तेव्हाच लोक तो कायदा आपला मानतात आणि देश एक राहतो.