न ओळखता मारलेली धामण

एका राज्यात साप दिसला की आधी काठी घालायची आणि नाव मागाहून विचारायचे, अशी रीत होती. दरबारात शहाणे पुष्कळ, पण राजाची काठी अडवील असा एकही नव्हता. एके दिवशी राजा धीरकेतूने धान्याच्या कोठारात उंदरांमागे आलेली धामण नाग समजून ठेचली. ती डोंगरावरच्या कालंजन मांत्रिकाने पाळलेली होती.

मांत्रिक दरबारात आला. म्हणाला, "राजा, न ओळखता माझ्या धामणीचा जीव घेतलास. आता तुलाही कुणाची ओळख राहणार नाही."

तेवढ्यात राजकन्या सुरंगा धावत आली. राजाने तिच्याकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "बाई, आपण कोणाच्या?"

आईवेगळ्या लेकीला बापाने परके म्हणावे, याहून मोठे दुःख ते कोणते? सुरंगेने डोळे पुसले आणि शाप सोडवून मागायला ती परतलेल्या मांत्रिकामागे डोंगर चढू लागली. वाटेत करवंदीच्या जाळीतून एक भारद्वाज तिच्याशी बोलला. "साप हे माझे रोजचे खाणे, म्हणून सांगतो. मानेपासून शेपटीपर्यंत पाहा. दिसेल तेवढेच बोल."

डोंगरमाथ्यावर मांत्रिकाने तीन करंड्या मांडल्या. "बिनविषारी असेल तो उचल. विषारी असेल त्यावर झाकण ठेव. चुकलीस तर बाप कायमचा परका."

पहिल्या करंडीत लांबलचक पिवळसर साप होता. टपोरे डोळे, ओठांवर काळ्या रेघा, डिवचूनही फणा नाही. "ही धामण," म्हणत सुरंगेने तिला दोन्ही हातांनी उचलले.

दुसरीत काळ्या अंगावर पांढरे पट्टे होते. बिनविषारी कवड्या म्हणावा, तर त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. इथे मान कोरी होती आणि पट्टे शेपटीकडे ठळक होत गेले होते. "ही मण्यार. विषारी." तिने झाकण ठेवले.

तिसरीत भुसा भरलेला होता. वर दिसत होती फक्त वीतभर पाठ, तीवर तपकिरी ठिपके. विषारी घोणस असेल, नाहीतर तिच्यासारखी दिसणारी गरीब डुरक्या घोणस. डोके दिसेना, शेपटी दिसेना.

"बोल," मांत्रिक म्हणाला.

सुरंगेने करंडीवर वाकून पाहिले. दोन्हीपैकी एक नाव घेतले, तर बाप मिळण्याची निम्मी तरी आशा होती. पण तिने हात मागे घेतला.

"मला ओळखता येत नाही. म्हणून मी याला हात लावणार नाही आणि मारणारही नाही. याला वाट द्या."

 मांत्रिकाने करंडी कलती केली. साप गवतात निघून गेला.

"तुझ्या बापाने एवढेच म्हणायला हवे होते," तो म्हणाला. "जा, शाप सुटला."

राजा वेशीवर उभा होता. "सुरंगे, पाय किती सोलवटलेत तुझे." इतके ऐकले आणि ती त्याच्या गळ्यात पडून पोटभर रडली.

त्याच सांजेला दवंडी पिटली: साप दिसला तर चार पावले मागे सरा, त्याला वाट द्या, जाणकाराला बोलवा.

मग राजाने हळूच विचारले, "मी मारली ती धामण होती ना?"

"होय, बाबा."

राजा कोठाराच्या दारात मान खाली घालून बसला. त्याची माणसे त्याला परत मिळाली. धामण काही परत आली नाही.