ठकूबाईची पाटी

घाटात गाडीवाट नुकतीच पडली होती तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. पायथ्याच्या कुसवड गावात घरोघरी पांढरे ससे पाळायचे आणि उन्हाळ्यात माथ्यावरच्या लष्करी छावणीला मांसासाठी विकायला न्यायचे. ठकूबाई बुरुडीण त्यासाठी बांबूच्या झाकणाच्या पाट्या विणायची. "बुटक्या वीण, म्हणजे गाडीत तीन थर बसतात," असं गाडीवान सोनबा सांगायचा. ती तशाच विणायची.

एका वर्षी ती गाडीबरोबर वर गेली. माथ्यावर झाकणं उघडली, तर खालच्या थरातले निम्मे ससे गार पडलेले. जिवंत होते तेही वरच्यांच्या मुतानं भिजून पिवळे झालेले. सगळ्यांचे कान पाठीला चिकटलेले, कारण वर करायला जागाच नव्हती.

"अख्ख्या वाटेत एकाचाही आवाज आला नाही रे," ठकूबाई म्हणाली.

"ससा कुठं ओरडतो? आणि इथं आले ते मरायलाच की," सोनबा म्हणाला.

पाट्या आपल्याच हातच्या, हे काही ठकूबाईच्या मनातून जाईना.

असं म्हणतात, की पुढच्या खेपेआधी तिनं एक मोठी पाटी विणली. सशाला त्याची पाटी जेवढी तोकडी, तेवढीच ही तिला. मान वाकवून, गुडघे पोटाशी घेतले तरच आत मावता येई. खेपेच्या सकाळी ती गाडीत सगळ्यात खालच्या थरात त्या पाटीत जाऊन बसली.

"झाकण बांध, सोनबा. वर नेहमीसारख्या पाट्या रच."

"ठकाक्का, खुळी झालीस का?"

"मी हाक मारली तरच थांब."

सोनबानं चिडून झाकण बांधलं. ऊन चढलं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ठकूबाईचे पाय बधिर झाले, घशाला कोरड पडली. हाक मारावीशी वाटली, पण दाबलेल्या छातीतून आवाजच फुटेना. तेव्हा तिला कळलं, ससे का ओरडत नाहीत ते.

आणि असं म्हणतात, की तिसऱ्या वळणावर गाडीतले सगळे ससे एकदम किंचाळले. जन्मात कुणी ऐकला नव्हता असा आवाज. बैल जागच्या जागी थांबले. सोनबानं पाट्या उतरवल्या, झाकण सोडलं. ठकूबाई जिवंत होती, पण तिला उभं राहता येईना. वळणावरच्या झऱ्याचं पाणी त्यानं ओंजळीतून तिच्या ओठांना लावलं, तर तिनं ओंजळ ढकलली.

"आधी त्यांना."

सोनबा रडला. त्या दिवशी त्यानं एकेका सशाला पाणी पाजलं, सावलीत बसवलं, मगच गाडी हाकली. वर पोचेपर्यंत एकही दगावला नाही.

ठकूबाईची पाठ पुन्हा कधी सरळ झाली नाही. वाकूनच ती घरोघर फिरली. खुराडी उंच करून घेतली, आत कोरडं गवत घालायला लावलं, भ्यालेल्या सशाला शिरायला अंधारा कोपरा ठेवायला लावला. पाट्या तिनं कान उभे राहतील एवढ्या उंच विणल्या. थर बसेनात, खेपा वाढल्या. सोनबानं कुरकुर केली नाही.

आता घाटातून टेम्पो जातात. ससे असोत, कोंबड्या असोत, करडं असोत, तिसऱ्या वळणावर टेम्पो थांबतो, झाकणं उघडतात, पाणी फिरतं. एखादा नवखा ड्रायव्हर घाईनं पुढं निघालाच, तर झऱ्यावर धुणं धुणाऱ्या बाया हातातलं टाकून रस्त्यावर येतात आणि ओरडतात, "अरे थांब! ठकाक्काला उतरव आधी!"