टाकीतला कारभार

मालवणात होड्या बांधण्याचा कारखाना चालवणाऱ्या दाजीसाहेब खोबरेकरांनी दिवाणखान्यात प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. दिसेल तो देखणा मासा आणून सोडला, आणि माशांनी एकमेकांना खाऊन टाकलं. शेवटी त्यांनी लेकीला, मंजिरीला, मासे निवडायला सांगितलं. ती समुद्रजीवशास्त्र शिकलेली. कारखानाही तीच सांभाळायची, पण गादी मात्र पुतण्याला द्यायची, असं दाजीसाहेबांनी ठरवलं होतं.

मंजिरीने एकमेकांशी जमेल असेच मासे आणले. त्यात विदूषक माशांची एक जोडी होती. टाकी सुखाने नांदू लागली.

पुतण्याचं नाव जाहीर करायला दाजीसाहेबांनी पाहुणे बोलावले. जोडीतल्या मोठ्या माशाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "काय रुबाब आहे! कारभारी म्हणजे पुरुषच!"

"बाबा, ती मादी आहे. यांच्यात कारभार मादीच बघते."

"आणि ती मेल्यावर? मग नरच ना?"

"नरच," मंजिरी म्हणाली. "पण त्या जागेवर बसायला त्याला आधी मादी व्हावं लागतं."

पाहुणे खो-खो हसले. दाजीसाहेबांनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांची छाती अभिमानाने फुलली.

"मग आमच्या पुतण्याला कशाला एवढा त्रास?" ते म्हणाले. "मंजिरी, गादीवर तूच बैस."